फुलाबाईचा उजवा हात

फुलाबाईच्या झंपराची उजवी बाही डावीपेक्षा मोठी असते. वेल्ह्याच्या शिंप्याला तिनं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, बाई चेष्टा करतेय. "एका झंपराला दोन मापं व्हय?" म्हणून तो हसलासुद्धा. फुलाबाईनं पदर सारून नुसता हात पुढं केला. शिंप्याचं हसू जागीच राहिलं. त्यानं मुकाट्यानं टेप काढली, आणि पुढं कधी विचारलं नाही. आता पासलीच्या फुलाबाईचं कापड आलं की तो आपण होऊन उजवीकडं जास्त सोडतो.

खांद्यापासून बोटांपर्यंत तो हात सुजलेला आहे. सकाळी जरा बरा असतो, दिवस कलला की जड होत जातो, पाण्यात भिजलेल्या घोंगडीसारखा. त्या हातात बांगडी चढत नाही. धडधाकट नवरा असलेल्या बाईचा एक हात बांगड्यांनी भरलेला आणि दुसरा मोकळा, हे बघून नवख्या बायका कोड्यात पडतात. फुलाबाईला त्याचं काही वाटेनासं झालंय. तिचं दुःख बांगडीचं नाही.

तिचं दुःख कळायला तिच्या लग्नापर्यंत मागं जावं लागेल.

फुलाबाई मूळची भोंगवलीची. तिकडं ज्वारी, कांदा, आणि पाणी पोचेल तिथं ऊस. आई गेली तेव्हा ही एवढीशी होती. चुलतीनं वाढवलं. खायला-ल्यायला कमी केलं नाही, कधी हात उगारला नाही. पण चुलतीला स्वतःची चार पोरं, जवळ घ्यायला तिला सवड कुठली? फुलाबाई अंगाला कुणाचा हात न लागता वाढली, आणि असं वाढलेलं माणूस मोठेपणी नुसत्या हाताला भुकेलेलं राहतं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गोष्टच नव्हे ती.

तिला दिली डोंगरातल्या पासलीला. नवरा बाजीराव स्वभावानं गरीब, आणि सासू धोंडाबाई गावात जिभेला तिखट म्हणून प्रसिद्ध. पहिल्याच आषाढात भातलावणी आली. इथं सावडीनं लावणी करतात. आज सगळ्या बायका तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही त्यांच्या. त्या सगळ्या बायकांसमोर ही भोंगवलीची नवी नवरी गुडघाभर चिखलात उतरली, रोपं रोवली, आणि बघता बघता तिची सगळी रोपं पाण्यावर तरंगायला लागली. बायकांनी हसून घेतलं. कुणीतरी म्हणालं, "धोंडे, तुझी सून भात लावती का मासं सोडती?"

धोंडाबाई चिखल तुडवत आली. आता बोलणी बसणार म्हणून फुलाबाईनं मान खाली घातली. पण सासूनं मागून तिचं उजवं मनगट धरलं आणि तिचा हात स्वतःच्या हातानं चिखलात नेला.

"आसं न्हाई. रोप धरायचं, आंगठ्यानं मूळ दाबायचं, आन् बोटं काढताना रोपाला कळू द्यायचं न्हाई."

दुसऱ्या-तिसऱ्या रोपालाच फुलाबाईला जमलं. पण जमलं म्हणावं तर मनगटावरचा हात सुटला असता. म्हणून ती चुकत राहिली. एक रोप वाकडं, एक वर, एक आडवं. धोंडाबाई "आगं येडे" म्हणायची आणि पुन्हा मनगट धरायची. दुपार कलेपर्यंत हे चाललं होतं. त्या संध्याकाळी घरी येताना फुलाबाईचं अंग चिखलानं लडबडलेलं होतं आणि मन असं भरलं होतं की तिला रडूच येत होतं.

पुढं ती लावणीत अशी तयार झाली की नाल्याकडच्या बांधाची जागा कायमची तिची झाली. त्या जागेवरची बाई ओळ सुरू करते आणि बाकीच्या तिच्या धोरणानं लावत जातात. भोंगवलीचं पाखरू पासलीच्या चिखलाला लागलं म्हणायचे लोक. धोंडाबाईनं तोंडावर कधी कौतुक केलं नाही, मात्र दर बाजाराच्या दिवशी सुनेला पुढ्यात बसवून डोक्याला तेल घालायची. तेल घालताना जीभ चालूच. अमकीनं काय केलं, तमकीचं कसं चुकलं. फुलाबाई डोळे मिटून बसायची. शब्दांकडं तिचं लक्ष नसायचं.

धोंडाबाईच्या हाताला आणखी एक मान होता. ती अवधान उतरवायची. भाताच्या दिवसांत पायाला खेकडा चावतो, हाताला विळा लागतो, काटा मोडतो. मग जांघेत नाहीतर काखेत ठसठसणारी गाठ येते, तिला अवधान म्हणतात. गावातली माणसं लंगडत यायची. धोंडाबाई चुलीतली राख अंगठ्याला लावून गाठीपासून खाली, थेट बोटांच्या टोकापर्यंत ओढायची आणि हात चुलीत झटकायची. मग म्हणायची, "आता जखम दाव." कारण जखमेशिवाय अवधान येत नाही, हे तिचं ठाम मत. जखम सापडेपर्यंत ती माणसाला उठू द्यायची नाही. सापडली की धुऊन हळद भरायची. चार दिवसांत गाठ बसायची आणि राखेचं नाव व्हायचं.

चार-एक वर्षांपूर्वी भात झोडून झालं आणि फुलाबाईच्या उजव्या काखेत गाठ आली.

अवधानच, दुसरं काय? धोंडाबाईनं राख ओढली. "जखम दाव," म्हणाली. जखम कुठंच नव्हती. दोघींनी मिळून हात उलटासुलटा पाहिला. गाठ दुखतही नव्हती, आणि दुखत नाही याचा दोघींना आनंदच झाला. दिवाळी होऊन गेली, गाठ तशीच. धोंडाबाई पुन्हा राख ओढायची, पुन्हा हात धुंडाळायची. शेवटी एक दिवस करंगळीच्या नखाच्या कडेला तिला भाताच्या लोंबीचं बारीकसं, काट्यासारखं कूस मोडलेलं दिसलं. "हे बघ! घावलं!" म्हणून ती केवढ्यानं ओरडली. सुईनं कूस काढलं, हळद भरली, आणि सासू-सुना निर्धास्त झाल्या. हे कूस सापडलं नसतं तर त्या कदाचित आधी वेल्ह्याच्या दवाखान्यात गेल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर राख ओढायला सासूचा हात रोज काखेतून बोटांपर्यंत फिरतोय, हे फुलाबाईला आवडतच होतं. तिला काहीच घाई नव्हती.

शिमग्याला मुलगा अजित घरी आला. तो वरवे बुद्रुकजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि तिथंच खोली घेऊन राहतो. आईची काख पाहून त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं आईला आणि आजीला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाठ मुळात छातीत होती, हरभऱ्याएवढी, हाताला लागेल न लागेल अशी. तिथून ती काखेत उतरली होती.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "काखेतली गाठ कधीपासून आहे?"

"दिवाळीपास्नं," फुलाबाई म्हणाली. "आत्याबाई राख लावत हुत्या की."

डॉक्टरीणबाई रागावली नाही. आधी आला असतात तर काखेतल्या सगळ्या गाठी कदाचित काढाव्या लागल्या नसत्या, एवढंच म्हणाली आणि लिहायला लागली. धोंडाबाई दाराशी उभी होती. तिनं स्वतःचे दोन्ही तळवे उघडून पाहिले आणि पदराखाली घेतले.

ऑपरेशन झालं. छाती गेली, काखेतल्या गाठी गेल्या. मग केमो, मग किरणांची लाईट. डोक्यावरचे केस गेले आणि परत आले. फुलाबाई वाचली. घरी आली तेव्हा गावातल्या बायका भेटायला आल्या, कुणी नारळ आणला, कुणी अंडी. धोंडाबाई राबत होती. पाणी तापवणं, भाकरी, गुरं, सगळं तिनं अंगावर घेतलं होतं, तेही या वयात. ताट मात्र ती फुलाबाईच्या पुढ्यात ठेवून दोन पावलं मागं सरायची. नवे केस बोटभर वाढले तेव्हा बाजाराच्या दिवशी फुलाबाई नेहमीसारखी तिच्या पुढ्यात जाऊन बसली. धोंडाबाईनं तेलाची बाटली तिच्या शेजारी ठेवली.

"लाव तूच," म्हणाली, आणि गोठ्यात निघून गेली.

फुलाबाई बाटलीकडं बघत बसली. आत्याबाईला आपली किळस आली असेल? छाती नसलेली बाई; वाटणारच. की हा रोग अंगाला लागतो असं वाटतंय? विचारायचं धाडस तिला झालं नाही. दुखणं तिनं दात आवळून काढलं होतं, पण ही बाटली तिला सोसवली नाही. आणि धोंडाबाई तेवढ्यावर थांबली नव्हती. अवधान घेऊन येणाऱ्यांनाही ती आता दारातूनच परत पाठवायची. "म्या सोडलं ते," एवढंच म्हणायची.

पुढच्या वर्षीच्या आषाढात लावणी आली. उजव्या हातानं ओझं उचलायचं नाही, चिखलात हात घालायचा नाही, असं दवाखान्यात सांगितलं होतं. फुलाबाईला पडवीत बसवलं. पडवीतून खाली त्यांचं खाचर दिसतं. बायका पाठीवर प्लास्टिकचे कागद बांधून ओणव्या झाल्या होत्या. नाल्याकडच्या बांधाला, फुलाबाईच्या जागेवर, रत्ना नावाची शेजारची सून होती. ओळ अशी वाकडी धरली होती तिनं की पडवीत बसून फुलाबाईचा जीव खालीवर व्हायला लागला. आणि चिखलाचा तो वास! कुजलेल्या पाल्याचा, गार पाण्याचा. त्या वासानं तिची उजव्या हाताची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. अंगठा दाबायचा, बोटं सोडवायची. वर्षभर तिनं सगळं सोसलं ते या दिवसासाठीच, असं तिला तेव्हा वाटलं.

बायका जेवायला वर आल्या तेव्हा ती मागच्या वाटेनं खाली उतरली. उजव्या हातानं एक मूठ रोपं लावली. एकच. सरळ ओळीत, जशी तीच लावू जाणे. वर आली तेव्हा ती मनात गुणगुणत होती. मनगटावर कुठंतरी काडी ओरखडली होती, तिकडं तिनं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी हात लालभडक झाला, मनगटापासून वर रेघा चढल्या, आणि अंगात अशी हुडहुडी भरली की बाजीरावांनी जीप करून तिला पुण्याला नेलं. इंजेक्शनांवर बरेच दिवस काढावे लागले. ताप उतरला, लाली गेली, पण हात सुजला तो सुजला. मोठी बाही तेव्हापासूनची.

त्याच दवाखान्यात तिला शेफाली भेटली. सुजलेल्या हातांवर उपचार करणारी पोरसवदा फिजिओथेरपिस्ट, आणि निघाली भोंगवलीची! माहेरचं माणूस म्हटल्यावर फुलाबाईची जीभ सुटली. गावातल्या विहिरीपासून देवळापर्यंत सगळं विचारून झाल्यावर तिनं मनातलं विचारलं, "पोरी, एवढ्याशा वरखड्यानं एवढं कसं झालं गं? पूर्वी विळा लागायचा, खेकडं चावायचं, काय व्हायचं न्हाई."

शेफालीनं स्वतःच्या हातावर बॉलपेननं रेघा काढल्या. रक्त अंगभर फिरतं तेव्हा त्यातलं थोडं पाणी बाहेर झिरपतं, मांसाच्या कणाकणाला भिजवतं. बरंचसं पुन्हा रक्तात जातं. जे उरतं ते गोळा करायला केसाहून बारीक नळ्या असतात. त्या पाण्याला लसिका म्हणतात. "रक्त ढकलायला काळीज आहे मावशी, हे पाणी ढकलायला कुणी नाही. तुम्ही हात हलवता, श्वास घेता, त्यानं आणि नळ्या हळूहळू आवळतात त्यानंच ते पुढं सरकतं. नळ्यांना आतून झडपा असतात, म्हणून ते फक्त वरच जातं, मागं येत नाही. आणि शेवटी इथं," तिनं गळ्याखालच्या आडव्या हाडामागं बोट ठेवलं, "मोठ्या शिरेत पडतं."

"आन् गाठी?"

"गाठी वाटेवर असतात. काखेत, मानेत, जांघेत, पोटात. पाणी त्यांच्यातून गाळून जातं. आत पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात. हाताच्या जखमेतून जंतू आला की तो पाण्याबरोबर काखेत येतो, तिथं या पेशी त्याला धरतात, त्याच्याशी लढायला आपली संख्या वाढवतात, म्हणून गाठ फुगते आणि दुखते. तेच तुमचं अवधान. त्यातल्या काही पेशी मग तो जंतू वर्षानुवर्षं विसरत नाहीत."

"म्हंजी आत्याबाई जखम हुडकायच्या ते बराबर हुतं?"

"अगदी बरोबर. राखेनं काही होत नव्हतं. जखम धुतल्यानं होत होतं. फक्त न दुखणारी गाठ, जखम नसताना आलेली, ती अवधानाची नव्हे." शेफालीनं फुलाबाईच्या उजव्या काखेकडं बोट दाखवलं. "आता तुमच्या त्या काखेत गाठी नाहीत. पाण्याला वाट नाही, म्हणून ते हातात साचतं. आणि जंतू आला तर धरायला तिथं कुणी नाही."

फुलाबाईला सगळंच समजलं असं नाही. पण पेशी विसरत नाहीत हे तिला लगेच पटलं. तिचा हात तरी कुठं काय विसरला होता!

शेफालीनं हातावर पट्ट्या बांधायला शिकवलं, घट्ट बाही दिली, आणि मालिश दाखवली. ही मालिश म्हणजे रगडणं नव्हे. कातडी हलेल इतपतच हलका हात, आणि दिशा नेहमी वर. आधी मानेखाली, मग धडधाकट डाव्या काखेत, मग पाठीवरून उजवीकडचं पाणी डावीकडं न्यायचं, आणि हाताला सगळ्यात शेवटी. पाठीवर स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून घरातल्या कुणालातरी घेऊन या म्हणाली. बाजीराव आले. त्यांनी बिचाऱ्यांनी मनापासून केलं, पण तो हात बैल धुणारा. शेफालीला हसू आवरेना. "काका, मावशींना धुवायचं नाहीये!" बाजीरावही हसले आणि घरी आल्यावर पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. शेफाली फोनवर विचारायची, पाठीची मालिश कोण करतं? फुलाबाई म्हणायची, "व्हतंय की." होत काहीच नव्हतं. हात वाढत होता आणि शिंपी कापड सोडत होता.

अशी दोन वर्षं गेली. यंदाचा आषाढ आला. बायका खाली खाचरात, फुलाबाई पडवीत, धोंडाबाई चुलीपाशी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून धोंडाबाई रोजच्या लावणीला उतरत नाही. दोघी घरात असतात आणि दिवसभर घरात कुणी नसल्यासारखं असतं.

तेवढ्यात शेजारची सखूबाई लंगडत आली. पायाच्या बोटाला खेकडा चावला होता आणि जांघेत अवधान आलं होतं.

"धोंडे, तेवढी राख वढ गं. पाय टेकवंना."

"म्या सोडलं ते. ठावं हाय न्हवं तुला?"

"आगं पन का सोडलंस? तुझ्या हाताला गुन हाय."

धोंडाबाईनं चुलीकडं तोंड फिरवलं. फुलाबाईनं सखूबाईला पडवीत बसवलं, डाव्या हातानं तिचा पाय उचलून पाहिला. बोट सुजून घोट्यापर्यंत लाली चढली होती आणि अंग तापलेलं होतं. तिनं कोमट पाण्यानं, साबणानं जखम धुतली आणि बाजीरावांना हाक मारली.

"हिला गाडीवर वेल्ह्याला न्या. सुई घ्यावी लागंल."

"आन् राख?" सखूबाईनं विचारलं.

"राखंनं काय व्हत न्हाई, सखूआत्या. जखम हुडकून धुवायची, त्येनं व्हतं. मला आत्याबाईंनीच शिकवलंय."

मोटारसायकल गेली. मग धोंडाबाई चुलीकडंच बघत बोलली.

"तुझी जखम मला घावली न्हवती. कूस बघून म्या मनाची समजूत घातली." तिनं हात पुढं धरले. "ह्या हातांनी म्या तुझं वाटुळं केलं. दवाखान्यात ऐकलं म्या समदं. ह्या हातानं तुला शिवू कशी?"

फुलाबाई तिच्याकडं बघतच राहिली. म्हणजे किळस नव्हती! ही म्हातारी इतके दिवस स्वतःच्याच हातांना भीत होती, आणि आपण इथं दोन हातांच्या अंतरावर बसून झुरत होतो. तिला राग आला, हसू आलं, आणि डोळे भरून आले.

"गाठ काय तुमच्या राखंनं आली हुती? ती हुतीच. उशीर दोघींनी केला." ती उठून सासूच्या पुढ्यात पाठमोरी बसली, जशी तेल घालून घ्यायला बसायची तशी. "माझ्या पाठीला हात पोचत न्हाई, आत्याबाई. ह्यांचा हात लई जड. हात वाढत चाललाय. करा."

धोंडाबाई उठली. मोरीत जाऊन तिनं साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. चुलीवर धरून ऊब आणली. मग सुनेच्या मानेखाली बोटं टेकली, इतकी हलकी की आधी फुलाबाईला कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला.

फुलाबाईनं सगळं सांगत सांगत करून घेतलं. मान झाली, डावी काख झाली. पाठीशी आल्यावर धोंडाबाईचा अंगठा जन्माच्या सवयीनं उजव्या काखेतून खाली निघाला.

"खाली न्हाई, आत्याबाई. वर. हितनं पाठीवरनं पल्याड, डाव्या काखेत."

"पल्याड कशापायी?"

"हिकडची वाट बंद झालीया."

"म्हंजी खाचराचं तोंड बुजलं की पानी शेजारच्या बांधानं काढतो, तसं?"

"तसंच."

"मग आसं म्हन की." आणि तिचा हात वर चालायला लागला. जाता जाता उजव्या काखेच्या खळग्याशी तो आपोआप अडला. तिथं आता काही नव्हतं. नुसता व्रण आणि आत गेलेली कातडी. धोंडाबाईनं तळवा त्या खळग्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. फुलाबाईनं डोळे मिटले. तिला एवढंच हवं होतं, आणि एवढ्यासाठी किती दिवस गेले.

त्या दिवसापासून रोज सकाळी चूल पेटायच्या आधी मालिश व्हायला लागली. शेफालीनं आधीच सांगून ठेवलं होतं की हात पहिल्यासारखा कधी होणार नाही. नाही वाढला म्हणजे मिळवली. फुलाबाईला ते माहीत होतं. तरी खाली बायकांचा गलका सुरू झाला की ती पडवीच्या खांबाला धरून उभी राहायची. धोंडाबाई हे चुलीपासून बघायची.

लावणीच्या शेवटच्या दिवशी धोंडाबाईनं फुलाबाईचा मोबाईल तिच्याच हातात दिला. "त्या तुझ्या भोंगवलीच्या पोरीला इचार. डावा हात चालंल का म्हनावं."

शेफालीनं खूप प्रश्न विचारले आणि मग हो म्हणाली. डावा हात चांगला आहे. उजवा झोळीत बांधून वर ठेवायचा, चिखलाचा थेंब उडू द्यायचा नाही, आणि दमायचं नाही.

धोंडाबाईनं जुन्या लुगड्याची झोळी करून सुनेचा उजवा हात गळ्यात बांधला, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला. आपले गुडघे सांभाळत तिला घेऊन ती खाली आली. सगळं खाचर लावून झालं होतं. नाल्याकडच्या बांधाला मात्र एक कोपरा मोकळा होता. रत्ना बांधावर उभी होती. धोंडाबाईनंच तिला तेवढं ठेवायला सांगितलं होतं.

फुलाबाई चिखलात उतरली. गार चिखल पोटरीपर्यंत चढला. तिनं डोळे मिटून खोल श्वास घेतला. झोळीत बांधलेला उजवा हात आतल्या आत बोटं हलवत होता. त्याची पाळी आता कधीच येणार नव्हती. ती ओणवी झाली, डाव्या हातानं रोप धरलं आणि रोवलं. रोप तरंगलं.

बांधावर रत्ना हसली. धोंडाबाई लुगडं वर खोचून पाण्यात उतरली, मागून आली आणि तिनं फुलाबाईचं डावं मनगट धरलं.

"आसं न्हाई. आंगठ्यानं मूळ दाब. बोटं काढताना रोपाला कळू द्यायचं न्हाई."

एक रोप लागलं. दुसरं लागलं. तिसरं वाकडं गेलं, चौथं आडवं पडलं. धोंडाबाई "आगं येडे" म्हणाली आणि पुन्हा मनगट धरलं. पाचवंही वाकडं गेलं तेव्हा तिचा हात थांबला.

"फुला," ती हळूच म्हणाली, "तवाबी तू आशीच मुद्दाम चुकत हुतीस. मला काय कळत न्हवतं व्हय?"

फुलाबाईनं जुडीतून आणखी एक रोप घेतलं आणि वाकडं लावलं.